परागकोशातील काजळी

फुलाचे भाग तुम्ही लहानपणापासून शिकत आला आहात. निदलपुंज, दलपुंज, पुमंग आणि जायांग ही चार मंडले तुम्हांला तोंडपाठ असतील. पुंकेसराच्या टोकाला परागकोश असतो, तो पिकला म्हणजे फुटतो आणि त्यातून परागकण बाहेर पडतात, हे तुम्ही जास्वंदीच्या किंवा धोतऱ्याच्या फुलात पाहिलेही असेल.

आता अशी कल्पना करा की, एक पांढरेशुभ्र फूल संध्याकाळी उमलले आहे. पाकळ्या टवटवीत आहेत. परागकोशही जागच्या जागी आहेत. पण ते फुटल्यावर त्यांतून पिवळसर पराग न येता काळसर जांभळी पूड बाहेर पडते! रात्री पतंग येतो, मध पितो आणि ती पूड अंगावर घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या झाडाच्या फुलांतही तीच पूड तयार होते.

ही कल्पना नाही. युरोपात आणि अमेरिकेत हे दरवर्षी घडते. ही पूड म्हणजे एका परोपजीवी कवकाचे, म्हणजे बुरशीचे, बीजाणू होत. हा रोग, तो होणारे रानफूल आणि त्या दोघांचा अभ्यास करणारे एक शास्त्रज्ञ यांची ओळख आपण या पाठात करून घेऊ. एक साधा दिसणारा प्रश्न आपल्याला शेवटपर्यंत सोबत करील : परोपजीवी जीव आपल्या आश्रयदात्याचा पार निःपात का करीत नाही, आणि आश्रयदाता त्याच्यापासून कायमचा मुक्त का होत नाही?

मादी झाडाला पुंकेसर

या रानफुलाचे शास्त्रीय नाव सायलीनी लॅटिफोलिया. मराठीत त्याला नाव नाही, कारण ते आपल्याकडचे नव्हे. आपण त्याला पांढरी सायलीनी म्हणू. शोभेसाठी लावतात ते कार्नेशन याच्याच कुळातले. पांढरी सायलीनी मूळची युरोपातील असून तेथून ती उत्तर अमेरिकेत पोहोचली. ती बहुवर्षायू आहे, म्हणजे एकच झाड काही वर्षे जगते आणि दर उन्हाळ्यात फुलते.

पपईप्रमाणेच या वनस्पतीतही नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. आणखी एक गंमत म्हणजे, माणसाप्रमाणे तिच्यातही लिंग ठरविणारी एक्स आणि वाय गुणसूत्रे आहेत. वाय गुणसूत्र असलेले झाड नर. त्याच्या फुलात पुंकेसर असतात. मादी फुलात स्त्रीकेसर असतो आणि पुंकेसरांचे केवळ अंकुर दिसतात, ते पुढे वाढत नाहीत.

तिच्यावर पडणाऱ्या कवकाचे नाव मायक्रोबॉट्रियम. हे कवक झाडाच्या देठांत आणि बुंध्याशी मुक्काम करते. परंतु त्याचे बीजाणू तयार होतात ते फक्त परागकोशांत. नर झाडात शिरले तर काम सोपे : परागाची जागा बीजाणूंनी घेतली की झाले. पण मादी झाडात शिरले तर? तेथे परागकोशच नाहीत. अशा वेळी हे कवक मादी फुलातील थांबलेल्या पुंकेसरांच्या अंकुरांना वाढावयास लावते. वाय गुणसूत्र नसतानाही त्या फुलात पुंकेसर येतात, त्यांना परागकोश येतात आणि त्यांत बीजाणू भरतात. अंडाशयाची वाढ मात्र खुंटते.

म्हणजे झाड नर असो की मादी, रोग जडला की पराग नाही आणि बीही नाही. ते जगते, फुलते, कीटकांना बोलावते. पण त्याचे फुलणे आता कवकासाठी असते. झाड मरत नाही, ते वांझ होते, हा या रोगातील महत्त्वाचा मुद्दा ध्यानात ठेवा.

पतंगाने आणलेला बीजाणू निरोगी फुलावर पडला की रुजतो. त्यापासून किण्वाच्या पेशींसारख्या बारीक पेशी तयार होतात. त्यांचे दोन प्रकार असतात. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी जुळल्या म्हणजेच झाडाच्या आत शिरू शकणारा तंतू निर्माण होतो. हा तंतू वाढत वाढत खाली बुंध्यापर्यंत जातो आणि तेथे हिवाळा काढतो. पुढच्या वसंतात नवे देठ फुटतात ते कवकाला बरोबर घेऊनच.

खाणीच्या मातीतील गवत

या रोगाचा सर्वांत दीर्घ अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांत यानिस अँटोनोविक्स यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म लॅटव्हियातला, तर उच्च शिक्षण ब्रिटनमध्ये झाले. त्यांचे पहिले गाजलेले संशोधन मात्र रोगावर नव्हते, ते गवतावर होते.

वेल्समध्ये शिसे, जस्त आणि तांबे यांच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणी आहेत. खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांत या धातूंचे प्रमाण इतके असते की, साधारण वनस्पती तेथे तग धरत नाहीत. तरीही काही गवते तेथे उगवलेली दिसतात. १९६० नंतरच्या दशकात बँगर येथील शास्त्रज्ञांनी या गवतांचा अभ्यास केला. तरुण अँटोनोविक्स त्यांच्यापैकी एक होते. असे आढळले की, खाणीच्या मातीतील गवत धातू सहन करणारे आहे आणि तो गुण आनुवंशिक आहे. शेजारच्या कुरणातील त्याच जातीच्या गवताला मात्र ती माती सोसत नाही. दोहोंमधले अंतर काही मीटरच! वाऱ्याबरोबर पराग इकडून तिकडे जात असूनही हा फरक टिकून होता. शिवाय सीमेवरील खाणीकडचे गवत कुरणातील गवतापेक्षा काही दिवस आधी फुलत होते, त्यामुळे दोघांचा संकरही कमी होई.

या कामाचे महत्त्व कशात आहे? उत्क्रांती म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे डायनोसॉर आणि कोट्यवधी वर्षे उभी राहतात. खाणी तर माणसाने खोदलेल्या. म्हणजे नैसर्गिक निवडीचा परिणाम शेदोनशे वर्षांत किंवा त्याहूनही कमी काळात, एका बांधाच्या दोन्ही बाजूंस दिसू शकतो, हे या गवताने दाखविले.

मग अँटोनोविक्स यांच्यापुढे पुढचा प्रश्न उभा राहिला. माती काही वनस्पतीच्या डावावर प्रतिडाव टाकत नाही. जस्त हे जस्तच राहते. पण वनस्पतीचा शत्रू स्वतःच सजीव असेल तर? वनस्पती बदलली की तोही बदलेल. अशा दोन बदलत्या जीवांचा अभ्यास कसा करावयाचा? यासाठी त्यांनी पांढरी सायलीनी आणि तिचे कवक ही जोडी निवडली. ते तेव्हा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात होते. पुढे ते व्हर्जिनिया विद्यापीठात गेले.

रस्त्याची कड हीच प्रयोगशाळा

ही निवड विचारपूर्वक केलेली होती. सायलीनी रस्त्याच्या कडेला उगवते, म्हणून मोजणे सोपे. रोगट झाड ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही; फुलातील काळी पूड डोळ्यांना दिसते. रोग माणसाला किंवा पिकांना होत नसल्याने शेतात प्रयोग करण्यास भीती नाही.

व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ भागात माउंटन लेक येथे एक जीवशास्त्रीय केंद्र आहे. त्याच्या परिसरातील रस्त्यांच्या कडांचे लहान लहान तुकडे पाडून १९८८ पासून दर वर्षी अँटोनोविक्स आणि त्यांचे सहकारी मोजणी करू लागले. प्रत्येक तुकड्यात निरोगी झाडे किती, रोगट किती, एवढीच नोंद. ही मोजणी वर्षानुवर्षे चालू राहिली.

एका वर्षाच्या नोंदीने फारसे काही कळत नाही. पण अनेक वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. झाडांचे हे पुंजके स्थिर नव्हते. एखादा पुंजका नाहीसा होई, तर दुसरीकडे बी पडून नवा उभा राही. रोगही एका पुंजक्यात शिरे, दुसऱ्यातून नाहीसा होई. लहान, एकाकी पुंजके बऱ्याचदा रोगापासून दूर राहत. दिवाळीत ओळीने लावलेल्या पणत्या आठवा. वाऱ्याने एक विझते, तोवर शेजारच्या पणतीवरून कोणी दुसरी पेटवतो. कोणतीच पणती रात्रभर जळत नाही, तरी आरास मात्र टिकते.

आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे मिळतो. आश्रयदाता आणि परोपजीवी यांचे सहजीवन एकाच ठिकाणी पाहिले तर ते टिकणारे वाटत नाही; संपूर्ण मुलुखाचा विचार केला तर टिकते.

दाटी की प्रमाण?

आता थोडे गणित करू. घाबरू नका, भागाकारापलीकडे काही नाही.

हवेतून पसरणारा एखादा रोग घ्या. एका झाडाचे बीजाणू समजा एक मीटरपर्यंतच पोहोचतात. दाट वाढलेल्या जागी प्रत्येक झाडाच्या एक मीटर परिसरात १० शेजारी आहेत आणि त्यांतील २ रोगट आहेत. आता झाडे दहापट विरळ झाली. परिसरात सरासरी एकच शेजारी उरला. रोगट शेजाऱ्यांची सरासरी ०.२ झाली. म्हणजे झाडे कमी झाली की संसर्गाची शक्यताही कमी होते. काही मर्यादेखाली रोग आपोआप विझतो.

पण आपला रोग पतंग नेतो. समजा, १०० झाडे आहेत आणि त्यांतील २० रोगट आहेत. प्रत्येक फुलावर रात्रीतून ५ पतंग येतात. दर पाचांतला एक, सरासरीने, रोगट फुलावरून आलेला असेल. आता फक्त १० झाडे उरली आणि त्यांतील २ रोगट आहेत. पतंगाला मध हवाच. तो लांबवर उडत जाऊन पुढचे फूल शोधतो. फुलावर येणारे पतंग पाच आणि त्यांतला एक रोगट फुलावरून आलेला, हे गणित तसेच राहते! झाडे दहापट कमी झाली, तरी संसर्गाचा धोका कमी झाला नाही. येथे दाटीला महत्त्व नाही. रोगट झाडांच्या प्रमाणाला आहे.

अँटोनोविक्स आणि हेलन अलेक्झांडर यांनी हे प्रत्यक्ष तपासले. त्यांनी निरोगी आणि रोगट झाडे वेगवेगळ्या प्रमाणात आणि वेगवेगळ्या अंतरांवर मांडून निरोगी फुलांवर पडलेले बीजाणू मोजले. रोगट झाडांचे प्रमाण वाढले की बीजाणूही वाढत; केवळ झाडांच्या दाटीवरून अंदाज बांधता येत नव्हता.

याचा अर्थ गंभीर आहे. असा रोग आश्रयदात्यांची संख्या घटल्यावर थांबेलच असे नाही. तत्त्वतः तो एखाद्या लहान समूहाला शेवटच्या झाडापर्यंत पोहोचवू शकतो. हेच गणित लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आणि कीटकांनी वाहून नेल्या जाणाऱ्या रोगांनाही बऱ्याच अंशी लागू पडते, कारण तेथेही वाहक किंवा जोडीदार शोधत जातो. १९९५ साली अँटोनोविक्स यांनी इतर दोघा शास्त्रज्ञांसह अशा सर्व प्रकारच्या प्रसारांना एका सूत्रात बसविणारा सिद्धांत मांडला.

निसर्ग मात्र आपल्या दोन चौकटींत नेमका बसत नाही. इटलीतील आल्प्स पर्वतावर एक रानटी कार्नेशन वाढते. तेथे काम करताना पुढे असे आढळले की, मोठ्या झाडांना कीटकांमुळे रोग होतोच, पण जवळपास पडलेल्या बीजाणूंमुळे कोवळ्या रोपांनाही तो जडतो. म्हणजे एकाच रोगात दाटीही आली आणि प्रमाणही आले.

एका हंगामाची झाडे का सुटतात?

सायलीनीच्या कुळात शेकडो जाती आहेत. त्यांतील कोणत्या जातींना हा रोग होतो? हे शोधण्यास अँटोनोविक्स, मायकेल हूड आणि त्यांचे सहकारी एका अनपेक्षित ठिकाणी गेले. ते ठिकाण म्हणजे शुष्क वनस्पतींचे संग्रह. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडे दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवतात. जुन्या संग्राहकांनी चांगली फुले म्हणून ठेवलेल्या नमुन्यांतही काही फुले रोगट होती आणि परागकोशांतील काळी पूड कितीतरी वर्षांनंतरही ओळखू येत होती. अशा हजारो नमुन्यांवरून रोग कोठे आणि कोणत्या जातींवर होता, याचा नकाशा तयार झाला. आपल्याकडेही पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत आणि मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहात असे नमुने जपलेले आहेत. कोणी कशासाठी ठेवलेली वस्तू पुढे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल, हे सांगता येत नाही.

या शोधातून एक नियम पुढे आला : रोग बहुवर्षायू जातींवर आढळतो; एका हंगामात जीवन संपविणाऱ्या वर्षायू जातींवर जवळजवळ आढळतच नाही. असे का, याचे कारण तुम्हीच काढू शकाल. वाचन क्षणभर थांबवा आणि कवकाचे जीवनचक्र आठवा.

कवक या वर्षी फुलातून शिरते आणि बीजाणू देते ते पुढच्या वर्षी. मध्यंतरी ते झाडाच्या बुंध्यात राहते. झाडच हंगामाअखेर मेले, तर कवकाचे घर गेले. रोगट झाडाला बी येत नाही, तेव्हा बियांतून पुढे जाण्याचा मार्गही बंद. वर्षायू जाती अधिक बलवान म्हणून सुटतात असे नव्हे. त्यांच्या आयुष्यात कवकाला पुरेसा वेळच मिळत नाही.

झाड मरत नाही, वांझ होते, या मुद्द्याचाही अर्थ आता लागतो. झाड लगेच मेले तर पुढच्या वर्षी बीजाणू कोण वाहणार? उलट बी धरण्यात खर्च होणारे अन्न वाचले, तर झाड जगते आणि फुलतही राहते. मादी झाडे रोगट झाल्यावर जास्त फुले देतात, असे आढळले आहे. कवकाने असे ठरविले, असे मात्र म्हणू नका! ज्या कवकांमुळे झाड जगले आणि फुलले, त्यांचेच बीजाणू अधिक पसरले. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

प्रतिकाराची किंमत

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. सायलीनीची काही झाडे या रोगाचा चांगला प्रतिकार करतात आणि हा गुण आनुवंशिक आहे. रोगट झाडाला संतती नाही, प्रतिकारक झाडाला आहे. मग काही पिढ्यांत सारीच झाडे प्रतिकारक का होत नाहीत?

आर्येन बिअर आणि अँटोनोविक्स यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे एक कारण दिसले. प्रतिकारक कुळांतील नर झाडांना फुले उशिरा येत होती आणि कमी येत होती. म्हणजे प्रतिकार फुकट मिळत नाही. जेथे रोग आहे, तेथे प्रतिकारक झाडाचा लाभ. जेथे रोग नाही, तेथे लवकर आणि भरपूर फुलणाऱ्या झाडाचा पराग अधिक मादी फुलांपर्यंत जातो आणि त्याचीच संतती वाढते. पुंजके सतत बनतात, मोडतात. रोग येतो, जातो. त्यामुळे दोन्ही प्रकारची झाडे टिकून राहतात आणि कवकालाही आश्रयदाता मिळत राहतो.

अँटोनोविक्स यांच्या आणखी एका प्रयोगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. गवताचा फुटवा लावूनही नवे गवत तयार होते. मग बी धरण्याचा, म्हणजे लैंगिक प्रजननाचा खटाटोप कशासाठी? नॉर्मन एलस्ट्रँड यांच्यासह त्यांनी एका गवताची रोपे कुरणात लावली. काही रोपांभोवती त्यांच्याच सारखी, फुटव्यापासून केलेली भावंडे होती; काही रोपे भोवतालच्या रोपांपेक्षा वेगळी होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, अल्पसंख्य, वेगळ्या रोपांना अधिक यश मिळाले. याचे एक संभाव्य कारण रोगजंतू आहेत. जंतू बहुसंख्य प्रकाराला सरावतो. विरळा प्रकार त्याच्या तावडीतून निसटतो. बियांमुळे प्रत्येक पिढीत असे वेगळे प्रकार निर्माण होतात.

आपल्या शेतातील काणी

सायलीनी परदेशी असली, तरी काळ्या पुडीचा रोग शेतकऱ्यांच्या मुलांना नवा नाही. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरलेली तुम्ही पाहिली असेल. तिला आपण काणी म्हणतो. उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघतो, ती चाबूक काणी. सायलीनीवरील कवकालाही शास्त्रज्ञ पूर्वी काणीच्याच गटात धरीत. पुढे आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली, तेव्हा ते खऱ्या काणीपेक्षा तांबेऱ्याच्या कवकांना जवळचे आहे असे कळले. रूप काणीचे, नाते तांबेऱ्याशी!

चिकित्सक विद्यार्थी येथे एक शंका काढील : ज्वारी तर एका हंगामाचे पीक, मग तिला काणी कशी होते? शंका रास्त आहे. ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू मळणीच्या वेळी चांगल्या दाण्यांना बाहेरून चिकटतात आणि पेरणीची वाट पाहतात. दोन हंगामांमधला काळ सायलीनीचे कवक बुंध्यात काढते, तर ज्वारीची काणी आपल्या कणगीत काढते. म्हणूनच पेरणीपूर्वी ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळतात. रोगाची साखळी कोणत्या कडीपाशी तुटेल, हे त्याच्या जीवनचक्रावरून ठरते.

ऊस मात्र आपण कांड्यांनी लावतो. एका वाणाचा सारा ऊस म्हणजे एकाच झाडाचे तुकडे. को ७४० हा वाण महाराष्ट्रात अनेक वर्षे फार मोठ्या क्षेत्रावर होता आणि तो काणीला सहज बळी पडणारा ठरला. काणी बेण्यातूनही जाते, म्हणून बेण्यावर उष्णतेची प्रक्रिया करतात आणि वाण बदलावे लागतात. वर पाहिलेला गवताचा प्रयोग आठवा. शेकडो एकरांवर एकच वाण असेल, तर तेथे वेगळा, निसटणारा असा कोणी उरतच नाही. प्रतिकारक वाण निघाला की प्रश्न कायमचा सुटला, असे म्हणता येत नाही. कारण पलीकडचा जीवही बदलत असतो.

एका शब्दाचा प्रश्न

शेवटी एक वेगळीच गोष्ट. जिवाणूंवर प्रतिजैविके चालेनाशी होतात, हे तुम्ही ऐकले असेल. औषधाने बहुतेक जिवाणू मरतात, सहन करणारे थोडे उरतात आणि त्यांचीच संतती वाढते. खाणीच्या मातीतील गवताचीच ही कथा. ही सरळ सरळ उत्क्रांती आहे. पण अँटोनोविक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील शोधनिबंधांची भाषा तपासली, तेव्हा काय दिसले? उत्क्रांती आणि आनुवंशिकी यांच्या नियतकालिकांत ही क्रिया सांगताना सुमारे ६६ टक्के वेळा 'उत्क्रांती' हा शब्द वापरलेला होता. वैद्यकीय नियतकालिकांत ३ टक्क्यांहूनही कमी वेळा. तेथे प्रतिकार 'उद्भवतो', 'पसरतो', 'वाढतो' असे शब्द होते. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

शब्दाने एवढे काय बिघडते? 'उद्भवला' म्हटले की ती अचानक कोसळलेली आपत्ती वाटते. 'उत्क्रांत झाला' म्हटले की, निवड कोणी केली, हा प्रश्न पडतो. आणि उत्तर असते, आपण वापरलेल्या औषधाने. ते औषध गरज नसताना घेणे किंवा दुसऱ्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे का टाळावे, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

करून पाहा

एका पिशवीत ४० पांढऱ्या आणि १० काळ्या बिया (वाल, राजमा किंवा चिंचोके, आकार सारखा असावा) घाला. पांढरी बी म्हणजे निरोगी झाड, काळी म्हणजे रोगट. न पाहता एक बी काढा, मग दुसरी. पहिली काळी आणि दुसरी पांढरी निघाली, तर पतंगाने रोग नेला असे समजून पांढरीच्या जागी काळी बी टाका. इतर वेळी दोन्ही बिया तशाच परत टाका. असे २५ वेळा करा. आता ८ पांढऱ्या आणि २ काळ्या बिया घेऊन हाच खेळ ५ वेळा करा. दोन्ही खेळ पुष्कळदा करून सरासरी काढा. पांढऱ्यांपैकी किती टक्के बिया काळ्या झाल्या, याची तुलना करा. निरनिराळ्या गटांची उत्तरे वेगळी येतील. शिक्षकांनी सर्व गटांची सरासरी फळ्यावर मांडावी.

विचार करा

१. लहान संख्येच्या खेळात उत्तरे अधिक वरखाली का होतात? रस्त्याकडेच्या लहान पुंजक्यांतून रोग नाहीसा होण्याशी याचा काही संबंध आहे का?

२. रोगट झाडाला बी येत असते आणि बियांतून कवक पुढे जात असते, तर वर्षायू जाती रोगापासून सुटल्या असत्या का? गव्हाच्या मोकळ्या काणीचे कवक फुलातून शिरून दाण्याच्या आत राहते. त्याचा येथे विचार करा.

३. पतंगांची संख्या कमी झाली तर सायलीनीला फायदा होईल की तोटा? उत्तर देताना दोन्ही बाजू मांडा.

४. तुमच्या गावात एका पिकाचे किती वाण लावले जातात? वडीलधाऱ्यांना विचारा : पूर्वी किती होते, आणि त्यांतील कोणते कोणत्या रोगामुळे मागे पडले?